मोटारीच्या वायरिंगमधला इतिहास

इतिहासाची साधने कोणती असे वर्गात विचारले की मुले पाठ केलेली यादी म्हणून दाखवतात. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, परकीय प्रवाशांची वर्णने. या यादीत मोटारीच्या दिव्याकडे जाणारी वायर कोणी घालत नाही. पण यंत्रांचा इतिहास लिहायचा झाला तर अशाच वस्तूंकडे वळावे लागते, आणि तिथे पुरावा कसा तपासतात हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी या वेळी आपण एक जरा आडवाटेचे उदाहरण घेऊ.

जुनी मोटार घेऊन ती कारखान्यातून जशी बाहेर पडली होती तशीच पुन्हा उभी करायची, हा छंद जगभर अनेकांना आहे. यात इंजिन, रंग, चाके यांची माहिती मिळवणे तुलनेने सोपे असते. गाडीचा मूळ रंग कारखान्याच्या नोंदवहीत सापडतो, चाके जाहिरातीत दिसतात. खरी पंचाईत होते ती वायरिंगमधल्या बारीकसारीक भागांपाशी. दोन वायरी जोडणारी पितळेची गोळी, पत्र्याच्या भोकात बसवलेली रबरी कडी, वायरींचा जुडगा धरून ठेवणारी पट्टी, फ्यूजच्या नळीतला कागदाचा कपटा. या गोष्टी कोणी मुद्दाम टिपून ठेवल्या नाहीत. ज्या कामगाराने त्या बसवल्या त्याला त्या इतक्या परिचयाच्या होत्या, की त्यांच्याबद्दल लिहून ठेवावे असे वाटण्याचे कारणच नव्हते. सामान्य लोकांच्या रोजच्या जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे.

उदाहरणासाठी आम्ही एमजीबी ही इंग्लिश मोटार निवडली आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत होती, आणि पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. गाडी एमजीची असली तरी तिच्यातले विजेचे बहुतेक सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे होते. जोसेफ लुकास या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात दिव्यांच्या व्यापारापासून सुरुवात केली, सायकलच्या दिव्यांवर कंपनीचे नाव झाले, आणि मोटारी आल्यावर डायनामो, स्टार्टर, हॉर्न, वायपर असे सगळेच ती बनवू लागली. ब्रिटनमध्ये या धंद्यावर तिची पकड एवढी होती, की तिथल्या मक्तेदारी आयोगाने १९६३ मध्ये मोटारींच्या विद्युत सामानावर अहवाल काढला. ग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट कशीही असो, संशोधकाच्या मात्र ती पथ्यावर पडते. एमजी, मॉरिस, ट्रायम्फ, जॅग्वार यांच्या कारखान्यांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो, त्यांच्या वायरींना जोडणारी गोळी एकाच घराण्यातली. एका गाडीत पुरावा नष्ट झाला असेल तर तो दुसऱ्या गाडीत शोधता येतो.

त्या गोळीपासूनच सुरुवात करू. वायरीच्या टोकाला पितळेची, पोकळ, पुढे गोलसर अशी टोपी बसवलेली असते. तिचा व्यास सुमारे पावणेपाच मिलिमीटर. वायरीचे तांब्याचे तंतू आतून घालून टोकाशी डाख दिलेला असतो. काही ठिकाणी डाख न देता ती दाबून घट्ट केलेली असते. अशा दोन गोळ्या एका रबरी नळीत दोन बाजूंनी खुपसतात. नळीच्या आत धातूची चिरलेली पुंगळी असते, ती गोळ्यांना दाबून धरते आणि एका वायरीतला प्रवाह दुसरीत जातो. हे बसवायला चांगलाच जोर लागतो, त्यासाठी खास पक्कड वापरत असत. जोडणीसाठी असे सांधे का ठेवले? कारण मोटारीचे सगळे वायरिंग एकत्र विणता येत नाही. पुढचा जुडगा वेगळा, मागच्या दिव्यांचा वेगळा, आणि ते वेगवेगळ्या टप्प्यांवर गाडीत बसतात. कारखान्याच्या साखळीवर स्क्रू पिळत बसण्यापेक्षा गोळी खुपसणे लवकर होते.

आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकवाल्या गोळ्या बऱ्याचदा व्यासाने किंचित लहान असतात. जुन्या पुंगळीत त्या सैल बसतात. सैल बसल्या तर काय मोठे बिघडले? गणित करून पाहू. प्रत्येकी ४५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर लावले तर साडेसात अँपिअर प्रवाह वाहतो. दोन्ही दिव्यांचा प्रवाह ज्या सांध्यातून जातो त्याचा रोध सैलपणामुळे किंवा गंजामुळे ०.१५ ओहम झाला असे धरू. ओहमच्या नियमाने त्या सांध्यातच १.१ व्होल्ट खर्च होतात. दिव्याच्या वाट्याला ११ व्होल्टही येत नाहीत. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज नऊ टक्के घटले की प्रकाश पाव भागाहूनही अधिक कमी होतो. शिवाय प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने वाटाण्याएवढ्या त्या पितळी तुकड्यात आठ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. रबर कडक होते, पुंगळी आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. लुकासला इंग्रजीभाषक लोक थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत आले आहेत. आमच्या मते ही थट्टा थोडी अन्यायाची आहे. तीस-चाळीस वर्षे चिखलपाण्यात राहिलेल्या आणि कधीही साफ न केलेल्या सांध्यांचा दोष त्यात बराचसा कंपनीच्या माथी मारला जातो.

हाच प्रयोग वर्गात करता येईल. बॅटरी, मोटारसायकलचा दिवा, जाड वायर आणि व्होल्टमीटर एवढे पुरे. एक सांधा आधी मिठाच्या पाण्यात आठवडाभर ठेवून गंजवावा, मग साफ सांध्यावर आणि गंजलेल्या सांध्यावर किती व्होल्ट पडतात ते मोजावे.

आता वायरीकडे वळू. मोटारीतली वायर बारीक तंतूंची असते, कारण सलग तार सततच्या हादऱ्यांनी मोडते. त्या काळच्या लुकासच्या यादीत वायरीचे माप ‘१४/०.०१२’ असे लिहिलेले आढळते. म्हणजे १४ तंतू, प्रत्येकाचा व्यास ०.०१२ इंच. जास्त प्रवाहासाठी २८ तंतूंची वायर, त्याहून जास्तीसाठी ४४ तंतूंची. ब्रिटनने दशमान मापे स्वीकारल्यावर तंतूचा व्यास ०.३० मिलिमीटर झाला. ०.०१२ इंच म्हणजे ०.३०५ मिलिमीटर, तेव्हा डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण मायक्रोमीटरला दिसतो. विद्यार्थ्यांना दोन्ही वायरींचे क्षेत्रफळ काढायला सांगावे. १४ तंतूंची वायर दोन्ही पद्धतींत साधारण एक चौरस मिलिमीटर भरते.

तंतूंवरचे आवरण याहून बोलके असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या वायरींवर रबर आणि त्यावर सुती धाग्यांचे विणकाम असे. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळतात. ही रीत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधली. पण गंधक तांब्याला खाते, त्यातून काळे कॉपर सल्फाइड तयार होते. म्हणून रबराखालच्या तांब्याच्या तंतूंना कथलाचा मुलामा देत. युद्धानंतर पीव्हीसी आले. त्यात गंधक नसल्याने कल्हई करण्याचे कारण उरले नाही, आणि तंतू उघड्या तांब्याचे झाले. १९५० च्या दशकात जुने-नवे दोन्ही प्रकार चालू होते, काही वायरींवर तर आत पीव्हीसी आणि वर सवयीने सुती वीण असेही दिसते. तेव्हा १९६५ च्या गाडीत एखादी वायर सोलली आणि आतले तंतू रुपेरी निघाले तर थबकावे. ती वायर नंतर कोणीतरी दुसरीकडून आणून घातली असण्याचा संभव बराच असतो. खात्री मात्र एवढ्यावरून होत नाही, कारण कल्हईच्या वायरी इतर कामांसाठी पुढेही बनत राहिल्या. जुडग्यावर गुंडाळलेल्या पट्टीचेही तसेच. कारखान्यात गुंडाळलेली पीव्हीसी पट्टी चिकट नसे. बोटांना गोंद लागला की ती जागा नंतर कोणीतरी उघडली होती असे समजावे.

आणि मग रंग. लुकासने प्रत्येक कामाला एक रंग ठरवून दिला होता आणि पुढे ब्रिटिश मानकातही हीच पद्धत आली. बॅटरीकडून थेट येणारी, वाटेत फ्यूज नसलेली वायर तपकिरी. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी वायर पांढरी. तीच पांढरी वायर फ्यूजमधून गेली की पलीकडे हिरवी होऊन निघते. तपकिरी वायर फ्यूजमधून गेली की जांभळी होते. मोठे दिवे निळे, लहान दिवे लाल, अर्थ काळी. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असली तर ती त्या मंडलाची फांदी. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावीकडे वळण्याचा दिवा, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवीकडचा. याला आम्ही व्याकरण म्हणू. धातूला प्रत्यय लागून शब्द होतो तसे मूळ रंगाला रेघ लागून अर्थ पुरा होतो, आणि व्याकरण ठाऊक असले की चुकीचा शब्द लगेच खटकतो. एखाद्या मालकाने धुक्याचा दिवा लावताना घरगुती पिवळी वायर ओढली असेल तर ती या भाषेत बसतच नाही. सुरुवातीच्या एमजीबीत फक्त दोन चालू फ्यूज होते, शेजारी दोन सुटे ठेवलेले, आणि मोठे दिवे फ्यूजशिवायच चालत. त्यामुळे दिव्यांच्या वाटेत फ्यूज सापडला तर तो नंतरचा. तो काढून टाकावा का, हा प्रश्न निराळा. आम्ही काढणार नाही.

फ्यूजचीच आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण इथे संशोधन कमी पडले तर गाडी पेटू शकते. लुकासच्या काचेच्या फ्यूजमध्ये कागदाचा कपटा असतो आणि त्यावर ३५ अँपिअर असे छापलेले असते. हा आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला वितळतो तो आहे. सतत वाहू द्यायचा प्रवाह त्याच्या निम्मा, १७ अँपिअर. अमेरिकी पद्धतीच्या फ्यूजवर मात्र सतत वाहू शकणारा प्रवाह लिहितात. दोन्ही हातात घेतले तर जवळजवळ सारखेच दिसतात. पुस्तकात ३५ लिहिले आहे म्हणून दुकानातून ३५ चा दुसऱ्या पद्धतीचा फ्यूज आणून बसवला, तर २८ तंतूंची वायर, जिची मर्यादा साडेसतरा अँपिअर आहे, ती फ्यूजच्या आधी तापून जाईल. आकडा खरा, पण तो कोणत्या मापाचा हे विचारले नाही तर उपयोग नाही. जुन्या दस्तऐवजातले ‘कोस’ आणि ‘खंडी’ वाचताना इतिहासकार हीच काळजी घेतात.

आता पुरावा गोळा करण्याकडे येऊ. पहिले साधन म्हणजे कारखान्याची भागांची यादी. तिच्यात प्रत्येक भागाचा क्रमांक आणि तो कोणत्या चासिस क्रमांकापासून वापरला ते असते. पण वायरिंगचा जुडगा कारखान्याने बाहेरून तयार घेतलेला असल्याने यादीत तो एकच वस्तू म्हणून येतो. त्यातली गोळी कशी होती हे यादीला ठाऊक नसते. शिवाय भाग बदलला की नव्या यादीत नवा क्रमांक जुन्याच्या जागी बसतो. म्हणजे १९७० च्या यादीतून १९६३ ची गाडी वाचू गेलो तर फसगत होते. दुसरे साधन वायरिंगचा नकाशा. तो जोडण्या आणि रंग सांगतो, वायर प्रत्यक्ष कुठून वळवली होती हे सांगत नाही. तिसरे, जाहिरातीतली छायाचित्रे. यातल्या गाड्या अनेकदा उत्पादन सुरू होण्यापूर्वीच्या नमुन्याच्या असत, आणि चित्रांवर कुंचलाही फिरवलेला असे. चौथे, इंग्लंडमध्ये गेडन इथे जपलेल्या कारखान्यांच्या नोंदवह्या. तिथून गाडी कोणत्या दिवशी बनली, इंजिनाचा क्रमांक, रंग, कोणत्या देशात पाठवली हे प्रमाणपत्रावर मिळते. यात गोळीचा उल्लेख नाही. पण गाडी बनल्याची तारीख मिळणे फार मोलाचे आहे, ते का ते पाहू.

लुकासच्या डायनामोवर, वायपरच्या मोटरवर, डिस्ट्रिब्यूटरवर आकडे ठोकलेले असतात. त्यांत भागाचा क्रमांक असतो, आणि तो भाग बनला ते साल, सोबत महिना किंवा आठवडा. समजा प्रमाणपत्र सांगते की गाडी मार्च १९६४ ची आहे. डायनामोवर १९६३ च्या अखेरची खूण असेल तर तो मूळचा असू शकेल. खूण १९६६ ची असेल तर तो नक्कीच नंतरचा. यात एक बारकावा आहे, तो विद्यार्थ्यांना शोधू द्यावा. पुढची तारीख एखादी गोष्ट ठामपणे नाकारते. मागची तारीख मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण जुनाच भाग दुसऱ्या गाडीतून काढून कोणी नंतर बसवला असेल. थरात सापडलेल्या नाण्यावरून पुरातत्त्वज्ञ असाच तर्क करतात. तो थर नाण्याहून जुना नाही एवढे सांगता येते, किती नवा आहे ते नाही.

सगळ्यात सुंदर तर्क इग्निशन कॉइलपाशी करता येतो. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडत. यामागचे एक कारण असे सांगत, की ओलाव्यात गंजते ते धन बाजूचे धातू. मग तांब्याची नाजूक टोके ऋण ठेवावीत आणि झीज जाडजूड सांगाड्याने सोसावी. पुढे आल्टरनेटर आला, गाडीत ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले, आणि जग ऋण टोकाच्या बाजूने गेले. एमजीबीत हा बदल १९६७ च्या अखेरीस झाला. तोपर्यंतच्या गाड्यांच्या मालकांनीही पुढे रेडिओसाठी वगैरे आपल्या गाड्या उलटवून घेतल्या. आता पाहा. जुन्या कॉइलच्या टोकांवर धन-ऋण अशी चिन्हे नसत. एका टोकावर ‘एसडब्ल्यू’, म्हणजे किल्लीकडचे, आणि दुसऱ्यावर ‘सीबी’, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडचे, अशी इंग्रजी अक्षरे असत. किल्लीकडून येणारी पांढरी वायर ‘एसडब्ल्यू’ला हवी. बॅटरी उलटवली की ठिणगीची दिशा तीच राहावी म्हणून कॉइलवरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करावी लागते. म्हणून अशा कॉइलवर पांढरी वायर ‘सीबी’ला लागलेली दिसली, तर या गाडीची बॅटरी कधीकाळी उलटवली गेली असा अर्थ निघतो. कोणी सांगितलेले नाही, कुठे लिहिलेले नाही. दोन वायरी आणि चार अक्षरे यांवरून कळते.

यानंतरचे साधन म्हणजे कधीच दुरुस्त न झालेल्या गाड्या. अशा गाड्या जेवढ्या पाहता येतील तेवढ्या पाहाव्यात, कारण एकीवरून नियम काढता येत नाही. आणि तिथे गेल्यावर उजेडातली वायर पाहू नये. इंजिनाजवळ तेल आणि उष्णता लागून जांभळा, तपकिरी आणि लाल हे तिन्ही रंग एकसारखे मळकट होतात. जिथे पट्टी आहे, रबरी कडी आहे, तिथे आवरणाखाली रंग ताजा राहतो. पण ती पट्टी सोडवली की तो पुरावा कायमचा उघडा पडला. म्हणून सोडवण्यापूर्वी छायाचित्र, माप आणि टिपण.

अशा पंधरा-वीस गाड्या पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट दिसू लागते. कारखान्यातूनच सगळ्या गाड्या सारख्या बाहेर पडलेल्या नसतात. नियंत्रकाचा एकच नमुना काही काळ स्क्रूच्या टोकांसह आणि चपट्या पात्यांच्या टोकांसह, असा दोन्ही प्रकारे मिळत होता. ज्या दिवशी पेटीत जे हाताशी आले ते कामगाराने बसवले. स्पर्धांमधले परीक्षक एकच बरोबर उत्तर मागतात, आणि मग लोक सगळ्या गाड्या त्या एका उत्तरासारख्या करून टाकतात. आमचा आक्षेप इथे आहे. साठ वर्षे टिकलेला खरा फरक ‘चूक’ म्हणून काढून फेकला तर पुढच्या अभ्यासकाला कारखान्यातली विविधता कधीच कळणार नाही. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन संघटनेने २०१२ मध्ये तुरीन सनद मंजूर केली, ती स्मारकांसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. मूळ भाग शक्य तितके राखावेत आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. चालत्या गाडीत कुजलेले रबर ठेवणे धोक्याचे आहे यात शंका नाही. पण काढलेला जुडगा भंगारात घालण्याऐवजी चिठ्ठी बांधून ठेवायला फारशी जागा लागत नाही.

आपल्याकडे या विषयाचे रूप थोडे बदलते. उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत असलेली ॲम्बॅसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. तिच्या वंशात लुकास आहे. पण १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी सुरू झाली आणि हे सामान देशात बनू लागले. मग एखाद्या जुन्या ॲम्बॅसडरसाठी ‘मूळ’ भाग म्हणून बर्मिंगहॅमचा शिक्का असलेला डायनामो मागवून बसवला, तर गाडी अधिक खरी झाली की कमी? आमचे उत्तर स्पष्ट आहे. भारतात बनलेल्या भागाच्या जागी तो बसला तर ती गाडी खोटी झाली. कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचा वंश इटालियन, फियाटचा. तिथे ब्रिटिश रंगांचे व्याकरण लावून वायर ओळखू गेलो तर फसू. या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत आपल्या गावातल्या जुन्या वायरमनच्या आणि मेकॅनिकच्या आठवणी हे फार मोठे साधन आहे. कोणत्या सालापर्यंत कटआउट बदलून मिळत होता, थिंबल पितळेची येत होती की कल्हईची, वायर कोणत्या रंगाची मिळायची हे त्यांना विचारता येते. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नववीच्या चार मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि शक्य झाल्यास जुन्या सामानाचा डबा उघडायला सांगावे. डब्यातल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा, त्यावर ठोकलेले आकडे उतरवून घ्यावेत, आणि तो कोणत्या गाडीतून निघाला हे त्यांना आठवत असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.